पातळी डोळ्यांना कळत नाही

आज दुपारी तासभर पाऊस झाला आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. रस्त्याकडेच्या चरातून दाट, तांबडं पाणी धावत होतं. चप्पल काढून पाय घातला. बाहेर काढला तर बोटांच्या बेचक्यांत माती भरलेली. बारीक, लोण्यासारखी मऊ. रानातली सगळ्यात कसदार माती हीच असते आणि सगळ्यात आधी हीच वाहून जाते.

ती कुठून आली हे मला माहीत होतं. चार दिवसांपूर्वी वरच्या उताराच्या रानात ट्रॅक्टरनं उभी नांगरट झाली. उभी म्हणजे माथ्यापासून थेट खाली. मी तेव्हाच त्या पोराला म्हटलं होतं, अरे, आडवं घाल, तू पाण्याला वाट करून देतोयस. तर म्हणाला, "ताई, उभं तास लांब पडतं, वळणं कमी लागतात. बांधबंदिस्तीचं काय, योजना आली की एकदाच करून घेऊ."

योजना आली की! हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले. पाऊस थांबतो का योजनेसाठी? एका एकरावर 25 मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लाख लिटर पाणी झालं. एक लाख! ते उताराला लागलं आणि त्याचा वेग दुप्पट झाला की त्याची ताकद चौपट होते. आणि आपण काय करतो, तर त्याला पळायला सरळ, गुळगुळीत तासं आखून देतो.

आमच्या आबांचा बांध मला म्हणूनच आठवतो. रान उताराचं, हलकं, वीतभर मातीखाली मुरूम. आबांनी एका उन्हाळ्यात एकट्यानं फावडं-घमेल्यावर आडवा बांध घातला. रेघ नजरेनं धरली. मी म्हटलं, आबा, मोजून घेऊ या का? तर म्हणाले, "चाळीस वर्षं या रानावर नजर आहे माझी." बांध दिसायला देखणा झाला होता, खोटं कशाला बोलू. पहिल्याच मोठ्या पावसात रात्रीतून फुटला. सकाळी जाऊन बघतो तर गुडघाभर खोल ओघळ पडलेली आणि काठावरच्या बोरीची मुळं उघडी होऊन लोंबत होती. आबा त्या ओघळीत उतरले आणि बराच वेळ नुसते उभे राहिले. काही बोलले नाहीत.

चूक मेहनतीत नव्हती, एवढं मला आज छातीठोकपणे सांगता येतं. बांधाचं एक टोक हातभर खाली होतं. बस्स. बांध पातळीत नसला की तो बांध राहत नाही, पाट होतो. सगळ्या लांबीचं पाणी गोळा करून एका जागी नेऊन ओततो. बांध नसता तर तेच पाणी पसरून तरी गेलं असतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात गवंड्याची नळी आणली. घर बांधताना लेव्हल बघतात ना, तीच पारदर्शक नळी. सारख्या उंचीच्या दोन काठ्या, दोन्हींवर खुणा, प्रत्येक काठीला नळीचं एक टोक बांधलेलं आणि आत पाणी. बुडबुडा राहू द्यायचा नाही, नाहीतर सगळं मोजमाप खोटं. एक टोक माझ्याकडे, दुसरं आबांकडे. मी घाई करायचे आणि ते म्हणायचे, "थांब, पाणी बसू दे." दोन्हीकडे पाणी एकाच खुणेवर आलं की दोन्ही पाय एका पातळीत. तिथे खुंटी ठोकायची आणि पुढे सरकायचं. आबांना जी जागा चढाची वाटायची, ती नळीनं उताराची दाखवली. एकदा नाही, चार वेळा. पाचव्या खुंटीनंतर त्यांनी नजरेची गोष्ट काढली नाही.

नळी नसली तर दोन सारख्या काठ्या वर एकत्र बांधा, मध्ये एक आडवी काठी, शेंड्यावरून दोरीनं दगड सोडा. ओळंबाच तो. दोन पाय दोन जागी टेकवून दोरी आडव्या काठीवर कुठे येते तिथे खूण करा, मग पायांची अदलाबदल करून त्याच जागी पुन्हा टेकवा आणि पुन्हा खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मधे तुमची पातळी. यात योजना कुठे लागली, सांगा.

मातीचा बांध पुन्हा घालायला आमच्याकडे माती नव्हतीच. रानात दगड मात्र रग्गड. म्हणून पातळीच्या रेषेवर दगडांच्या ओळी लावल्या, नडगीला लागतील एवढ्याच उंच. खालचे मोठे दगड चार बोटं जमिनीत रुतवायचे, नाहीतर पाणी खालून पोखरतं. वरच्या अंगाला बारीक दगड. अशी ओळ पाणी अडवत नाही, त्याचा नुसता जोर मोडते. पाणी फटींतून पुढे जातं, माती मागे बसते. तिसऱ्या वर्षी मी ओळीच्या वरच्या अंगाला हात घातला तर मनगट बुडून वर गाळ आला. त्यात पालापाचोळा, गवताचं बी, कसल्या कसल्या लेंड्या. आबा म्हणाले, "हे आपलं रान आहे, आपल्याच रानातून आलेलं." मी ते विसरलेले नाही.

बुर्किना फासो नावाचा देश आहे आफ्रिकेत. त्याच्या उत्तरेला यातेंगा भागात 1970 च्या दशकातल्या दुष्काळानंतर जमीन दगडासारखी टणक झाली होती. तिथल्या शेतकऱ्यांनीही पाण्याच्या नळीनंच पातळी काढून दगडांच्या ओळी लावल्या. तिथलाच एक शेतकरी, याकुबा सावादोगो. वाडवडिलांची खड्डे घेण्याची रीत होती, ती त्यानं सुधारली. पावसाआधीच टणक जमिनीत खड्डे घ्यायचे, त्यात शेणखत टाकायचं, वाळवी येऊन जमीन पोखरते आणि पाणी आत मुरतं. लोक त्याला वेडा म्हणायचे. 2018 मध्ये त्याला राइट लाइव्हलिहूड पुरस्कार मिळाला, 2023 मध्ये तो गेला. त्याच्याकडे कुदळ होती.

हो, काळ्या भारी जमिनीत पक्क्या पातळीचे बांध घातले तर पाणी तुंबतं आणि पीक पिवळं पडतं, तिथे थोडा ढाळ आणि जादा पाणी काढून द्यायला सांडवा हवाच. मान्य. फार तीव्र उतारावर ट्रॅक्टर आडवा चालवला तर उलटतो, हेही मान्य. पण मग तो उतार नांगरायचाच कशाला? गवताला सोडा ना.

माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. पायथ्याला मोठं यंत्र लावून तळं खणायचं, फोटो काढायचे आणि माथा तसाच बोडका ठेवायचा. दोन पावसाळ्यांत त्या तळ्यात पाणी कमी आणि वरच्यांची माती जास्त. काम माथ्यापासून सुरू करायचं असतं, पाणी चालत असतं तेव्हाच, पळायला लागल्यावर नाही. हे तुम्हा सगळ्यांना पटतं, मला ठाऊक आहे. मग जिथे बोलायला हवं तिथे आपण गप्प का बसतो?

आता थोडं शांत झाल्यावर एक गोष्ट लिहायलाच हवी. ते रान त्या पोराचं नाही. तो वाट्यानं करतो. दगडाची ओळ तिसऱ्या वर्षी फळ देणार आणि तिसऱ्या वर्षी तो तिथे असेल की नाही हे त्यालाच माहीत नाही. मालक उन्हाळ्यात एकदा येतो. त्या दिवशी पोरावर ओरडताना यातलं काही मला सुचलं नाही, आता लिहिताना सुचतंय. वाईट वाटतंय.

पण याच हंगामात फळ देणाऱ्या गोष्टीही आहेत. पेरणी आडवी करायला वेगळा खर्च नाही. सऱ्या आडव्या काढून दर चार पावलांवर मातीची गाठ मारली की प्रत्येक तुकडा आपलं पाणी आपल्याजवळ ठेवतो. काड-कचरा पेटवण्याऐवजी जमिनीवर पसरला तर थेंबाचा मार तो खातो. मोठा थेंब ताशी तीस किलोमीटरनं येऊन आपटतो, उघडी माती त्यानं फुटते, वर पापडी धरते आणि मग मुरायचं पाणी वाहायला लागतं.

उद्या सकाळी त्याच्याकडे जाणार आहे. आज पाणी कुठून कुठून धावलं त्याच्या खुणा ओल्या रानात अजून दिसतील. चुन्याची फक्की घेऊन रेषा मारू, एक टोक मी धरीन, एक तो. आधी त्याची माफी मागायची आहे. नळी दोन वर्षं वळचणीला पडून आहे, आतून शेवाळ धरलंय. ती धुवायला घेते आता.