आम्ही मुंबई पाहायला गेलो होतो, टपाल वाटायला नव्हे

माझ्या लग्नाला एकोणीस वर्षे झाली. या एकोणीस वर्षांत मी सात वेळा मुंबईला गेले आणि सातही वेळा कुणाचे तरी लग्न, कुणाचे तरी ऑपरेशन किंवा कुणाचे तरी तेरावे होते. दादर स्टेशन, एका रुग्णालयाचा जिना आणि मंगल कार्यालयातली तिसरी पंगत, एवढीच माझी मुंबई. यंदाच्या डिसेंबरात आम्ही दोघांनी ठरवले की आठव्या वेळी जायचे ते केवळ पाहायला, पर्यटक म्हणून, गळ्यात कॅमेरा नसला तरी चालेल, पण हातात कुणाची पिशवी नको. हे ठरवणे किती बावळटपणाचे होते, ते आता लिहिते आहे, आणि राग अजून उतरलेला नाही हे आधीच सांगून ठेवते.

देवगड तालुक्यातल्या आंबा बागायतदाराच्या घरात डिसेंबर हा घराबाहेर पाऊल टाकण्याचा महिना नव्हे. थंडी पडली की मोहोर फुटतो, मोहोरावर तुडतुडा येतो, आणि फवारणीचे दिवस चुकले तर पुढे पेटीत भरायला आंबा उरत नाही. तरीही दोन फवारण्यांच्या मध्ये आम्ही चार दिवस काढले. गाडीचे आरक्षण साठ दिवस आधी, सकाळी आठ वाजता उघडते; त्या सकाळी आम्ही दोघे दोन मोबाइल घेऊन, गावात जिथे रेंज मिळते त्या देवळाच्या कट्ट्यावर बसलो होतो. कणकवलीहून दादरपर्यंत तुतारी एक्स्प्रेसची दोन तिकिटे मिळाली, तेव्हा आमचे हे लग्नात हसले नव्हते इतके हसले. फोर्टात एका बऱ्यापैकी हॉटेलात दोन रात्रींचे आगाऊ पैसे भरले. शनिवारी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, रविवारी घारापुरीची लेणी, सोमवारी बोरीबंदरची इमारत, राजाबाई टॉवर आणि संध्याकाळी मरीन ड्राइव्ह, असा कागदावर आराखडा काढला. घारापुरी मुद्दाम रविवारी ठेवली, कारण ती लेणी सोमवारी बंद असतात, हे मी आधीच काढून ठेवले होते. इतकी तयारी मी बारावीच्या परीक्षेलाही केली नव्हती.

बातमी फुटली ती गावच्या जत्रेत. रात्री दशावतार सुरू व्हायचा होता, आणि सासूबाईंनी शेजारच्या वहिनींना केवळ कौतुकाने सांगितले की मुले मुंबईला फिरायला चालली आहेत. त्या क्षणापासून आम्ही पर्यटक उरलो नाही, आम्ही वाहतूक झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत पहिली पिशवी आली. “मुंबैक जातंस मां गो? मगे ह्या येवढा नेवन दी.” येवढा म्हणजे किती, हे माप कोकणात कुणी कधी ठरवलेले नाही. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पडवीत अकरा नग होते: उकडे तांदूळ, कुळथाचे पीठ, सोले, सोललेले नारळ, फणसाची साठे, मालवणी मसाल्याच्या तीन बरण्या, वर्तमानपत्राच्या चार थरांत बांधूनही आपली ओळख लपवू न शकलेली सुकट, आणि शीतपेयाच्या जुन्या बाटलीत भरलेले आगळ. प्रत्येक नगावर चिठ्ठी होती, चिठ्ठीवर नाव आणि फोन नंबर होता, आणि आमच्या यांना प्रत्येकाने वेगळे बजावले होते की स्वतः घरी नेऊन द्यायचे, कुणाला स्टेशनवर बोलावून हातात टेकवायचे नाही, ते बरे दिसत नाही.

मला सांगा, लालबागला मालवणी मसाला पोहोचवणे यात काय तर्क आहे? लालबागच्या मसाला बाजारात मिरची निवडून, डोळ्यांदेखत कांडून मिळते. दादरला मालवणी मालाची दुकाने आहेत, तिथे आमच्याच तालुक्यातले कोकम आमच्याहून चांगल्या वेष्टनात विकतात. पण नाही. गावच्या माणसाच्या खांद्यावरून आल्याशिवाय त्या वस्तूला चव येत नाही, अशी समजूत आहे, आणि तो खांदा नेहमी दुसऱ्याचा असतो.

यामागचे कारण मला कळत नाही असे नाही. एके काळी कोकणातल्या कितीतरी घरांतला एक पुरुष मुंबईच्या गिरणीत होता आणि महिन्याची मनीऑर्डर आली की गावातली चूल पेटत होती. गावकऱ्यांच्या खोलीत पंधरा-वीस बाप्ये पाळीपाळीने झोपत, आणि गावाहून येणारा माणूस त्यांच्यासाठी घरचा घास घेऊन जाई. तेव्हा त्या पिशवीला अर्थ होता. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, गिरण्या पुन्हा धड उभ्या राहिल्या नाहीत, आणि लालबाग-परळची माणसे डोंबिवली, नालासोपारा, विरार अशी पांगत गेली. पिशवी मात्र गिरणगावातल्या हिशोबानेच निघते. पूर्वी एका चाळीत दहा घरांची पोच होत होती. आता दहा घरांना दोन रेल्वेमार्ग आणि दोन दिवस लागतात. चर्चगेट ते विरार हे अंतर साठ किलोमीटर आहे. देवगडहून कणकवलीही जवळ आहे.

शनिवारी सकाळी दादरला उतरलो. हॉटेलची खोली बाराला मिळणार होती, म्हणून ओझे हलके करायला आधी लालबागला मोठ्या काकांकडे गेलो, तासाभरात निघू या हिशोबाने. निघालो दुपारी अडीचला. जेवण अर्थातच झाले, वाईट नव्हते, पण जेवणाबरोबर जे ऐकावे लागले ते अजून घशाखाली गेलेले नाही. “हॉटेलात उतरलात? म्हणजे आमचे घर नव्हते काय?” काकी हे वाक्य प्रथम माझ्याकडे पाहून, मग यांच्याकडे पाहून, मग काकांच्या हार घातलेल्या वडिलांच्या फोटोकडे पाहून, असे तीन वेळा बोलल्या. दहा बाय बाराच्या त्या खोलीत सहा माणसे राहतात. आम्ही तिथे उतरलो असतो तर त्यांचीच झोप मोडली असती, हे त्यांना कळत होते, मला कळत होते, तरी ते बोलावे लागते आणि ऐकावे लागते.

हॉटेलात पोहोचून बॅग उघडली तर आगळाच्या बाटलीचे झाकण सैल. गेटवेसमोर नेसायला म्हणून मी एक फिकट पिवळी साडी घेतली होती, घडी न मोडलेली. आगळ म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस. त्याचा रंग पदरापासून निऱ्यांपर्यंत सहा घड्यांमधून एकसारखा उतरला होता, प्रत्येक घडीवर तोच डाग, फक्त आकाराने थोडा थोडा लहान. मी मोरीत बसून तो धूत असताना आमचे हे बाटली उजेडात धरून म्हणाले, “निम्मे राहिले आहे, देता येईल.” एकोणीस वर्षांच्या संसारात मी या माणसाला कधी मारले नाही, हे त्याचे नशीब.

संग्रहालयात पोहोचलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते आणि ते सहाला बंद होते. त्या इमारतीचा घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलेला आहे आणि तिचा वास्तुविशारद जॉर्ज विटेट यानेच गेटवेचाही आराखडा केला, हे मी घरून वाचून गेले होते. खालच्या मजल्यावरची दगडी शिल्पे पाहत होते, तोवर यांच्या खिशातला फोन थरथरू लागला. डोंबिवलीच्या नणंदबाई. जेवायला थांबलो आहोत, माशांची आमटी गार होते आहे, मुले मामा-मामी करत बसली आहेत. त्या एका तासात नऊ फोन आले. लघुचित्रांच्या दालनापर्यंत मी पोहोचलेच नाही. शनिवार संध्याकाळची डोंबिवलीची लोकल, हातात सुकट आणि नारळ, आणि डब्यातल्या बायका माझ्याकडे पाहत नाहीत असे दाखवून नाकाला रुमाल लावतात, या प्रसंगाचे वर्णन मी करणार नाही. रात्री परत सोडतील तर त्या नणंदबाई कसल्या! हॉटेलची पहिली रात्र, पैसे भरलेली, रिकामी गेली.

रविवारी विरार. मेगाब्लॉकमुळे रखडत, दादरला गाडी बदलून, दीड वाजता चुलत दिरांच्या दारात पोहोचलो. निम्मे आगळ दिले. जाऊबाईंनी बाटली हातात घेऊन म्हटले, “अय्या, कशाला एवढ्या लांबून आणलेत? हल्ली आम्ही ऑनलाइनच मागवतो.” मी त्या बाटलीकडे पाहिले, मनातल्या मनात माझ्या साडीकडे पाहिले, आणि हसले. घारापुरीला जायला गेटवेहून लाँचने तासभर लागतो. आम्ही विरारला वरणभात जेवत असताना तिथल्या शेवटच्या लाँचही सुटून गेल्या असतील. शाळेच्या पुस्तकात पाहिलेली ती वीस फुटी त्रिमुखी मूर्ती, एकाच दगडात एक मुख शांत, एक उग्र, एक स्त्रीचे, मला एकदा समोर उभे राहून पाहायची होती. ती पाहायला कुणी परदेशातून येते. मी देवगडहून निघाले आणि विरारला पोहोचले. त्यातही घारापुरी बेट मुंबईत नाहीच, ते रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात, म्हणजे आमच्याच कोकणात आहे.

आता कुणी म्हणेल की नाही म्हणायचे होते. सासरे रुग्णालयात होते तेव्हा आम्ही सव्वा महिना लालबागच्या त्याच खोलीत पडून होतो आणि काकींनी एकदाही कपाळाला आठी घातली नाही. ते ऋण मी नाकारत नाही. पण त्या ऋणाचे व्याज सुकटीच्या पुड्यांनी किती वर्षे फेडायचे, हे कुणीतरी एकदा लिहून द्यावे. आणि ऋणाचाच हिशोब मांडायचा तर तो दोन्ही बाजूंनी मांडावा. मागच्या नाताळात हीच मंडळी अकराजण, आदल्या रात्री फोन करून, आमच्याकडे आली. पाच दिवस राहिली. आम्ही त्यांना कुणकेश्वर दाखवले, विजयदुर्ग दाखवला, तारकर्लीला गाडी करून दिली, कोंबडी-वडे केले, सोलकढी केली, आणि पडवीत स्वतः झोपून खोल्या त्यांना दिल्या. त्या पाच दिवसांत आम्ही कुणाला म्हटले का, की आलाच आहात तर जरा मुणग्याच्या मावशीला हा मिक्सर नेऊन द्या? पाहुणा म्हणून ते येतात तेव्हा समुद्र पाहतात. आम्ही जातो तेव्हा त्यांचे जिने पाहतो.

मिक्सरचा उल्लेख उगीच केलेला नाही. सोमवारी सकाळी बोरीबंदरला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरच्या फुटपाथवर उभे राहून मी मान वर करून पाहत होते. एका बाजूला बसचे भोंगे, आणि वर दगडात कोरलेले मोर, माकडे, पाने, घुमटाच्या टोकावर प्रगतीची पुतळी. स्टीव्हन्स नावाच्या वास्तुविशारदाची ही इमारत उभी राहायला दहा वर्षे लागली, आणि २००४ साली तिला जागतिक वारशात स्थान मिळाले. चार दिवसांत डोळे भरून पाहिलेली ती एकच गोष्ट. पंधरा मिनिटे झाली आणि काकींचा फोन आला: जाताना दादरलाच जाणार ना, मग वाटेत लालबागला यायचे, एक छोटीशी वस्तू आहे.

दुपारी तरीही गेटवेला गेलो. डागाचा भाग आत दुमडून तीच साडी नेसले होते. १९२४ साली पूर्ण झालेल्या त्या कमानीखालून १९४८ साली इंग्रजांची शेवटची पलटण बोटीत चढून गेली. आम्हाला मात्र बोटच मिळेना. घारापुरी बंद हे ठाऊक असूनही हे तिकिटाच्या खिडकीपाशी जाऊन विचारून आले, कदाचित माझ्या तोंडाकडे पाहून. परत येऊन म्हणाले, “मांडव्याची आहे, लगेच सुटते.” मांडवा म्हणजे अलिबाग तालुका. मुंबई पाहायला आलेल्या आम्हा दोघांना मुंबईच्या धक्क्यावरून मिळू शकणारी एकमेव बोट पुन्हा कोकणातच जाणार होती. मी कठड्यावर बसून दहा रुपयांचे शेंगदाणे खाल्ले आणि एक शब्द बोलले नाही. मरीन ड्राइव्ह लालबागला जाताना टॅक्सीतून दिसला. सिग्नल हिरवा होता, म्हणून तोही लवकर संपला.

छोटीशी वस्तू म्हणजे जुन्या साड्यांचे एक गाठोडे, सात प्लॅस्टिकचे डबे आणि “चालू आहे, फक्त बटण गेले आहे” असा मिक्सर होता, मुणग्याच्या मावशीसाठी. मध्यरात्रीच्या गाडीत तो माझ्या पायांशी होता आणि वळणावर त्याचे भांडे बर्थच्या लोखंडावर आपटत होते. घरी आल्यावर मावशींना निरोप पाठवला. त्या म्हणाल्या, “ऱ्हवंदे गो थंयच, माझ्या चेडवान नवो घेवन दिल्यान.”

मिक्सर पडवीत आहे. कुणी मुंबईला जात असेल तर सांगा.