अलामान्सला ब्रिटिश फौज नव्हतीच

मे महिना आला की एक मजकूर फिरू लागतो. त्याचा सारांश असा: अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची पहिली लढाई 1775 साली लेक्सिंग्टनला झालीच नाही. ती त्याआधी चार वर्षं, 16 मे 1771 रोजी, नॉर्थ कॅरोलिनातल्या अलामान्सला झाली. तिथे ‘रेग्युलेटर’ म्हणवणारे 2,000 शेतकरी लंडनने लादलेल्या करांविरुद्ध ब्रिटिश फौजेशी लढले आणि पुढे त्यांनीच देश स्वतंत्र केला.

तारीख बरोबर आहे, शेतकऱ्यांचा आकडाही ढोबळमानाने बरोबर. पण लढाई कोणाशी झाली, कशासाठी झाली आणि पुढे त्या माणसांचं काय झालं, हे तिन्ही चुकलंय.

आधी ती ‘ब्रिटिश फौज’. गव्हर्नर विल्यम ट्रायन राजाने नेमलेला होता, हे खरं. पण त्याच्यामागे उभे असलेले सुमारे हजार लोक त्याच वसाहतीच्या मिलिशियातले, म्हणजे स्थानिक रहिवाशांच्या हंगामी सैन्यातले होते. इंग्लंडहून आलेली पलटण त्या मैदानावर नव्हती. 1880 साली तिथे उभारलेल्या स्तंभावर मात्र ही लढाई ‘ब्रिटिश आणि रेग्युलेटर’ यांच्यात झाली असं कोरलंय, आणि त्या स्तंभाचे फोटो पुरावा म्हणून फिरतात. घटनेनंतर शंभरेक वर्षांनी कोरलेला दगड कसला पुरावा?

ट्रायनच्या बाजूने कोण होतं, ते बघा. रिचर्ड कॅसवेल, जो पुढे स्वतंत्र नॉर्थ कॅरोलिनाचा पहिला गव्हर्नर झाला. रॉबर्ट हाऊ, जो वॉशिंग्टनच्या सैन्यात मेजर जनरल झाला. ह्यू वॉडेल, ज्याने 1766 मध्ये कागदपत्रांवर कर लावणाऱ्या लंडनच्या स्टॅम्प कायद्याविरुद्ध याच ट्रायनला ब्रन्सविकला सशस्त्र माणसं घेऊन आव्हान दिलं होतं आणि 1771 मध्ये त्याच्याच मोहिमेची दुसरी तुकडी सॉल्सबरीहून आणायला निघाला होता. वाटेत रेग्युलेटरांनी अडवल्यामुळे तो लढाईपर्यंत पोचला नाही, एवढंच. आणि फ्रान्सिस नॅश. हा ऑरेंज काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) कोर्टाचा कारकून. जादा फी उकळल्याचा आरोप ज्यांच्यावर होता त्यांत याचंही नाव होतं, आणि अलामान्सला तो ट्रायनच्या बाजूने लढला. 1777 मध्ये जर्मनटाऊनच्या लढाईत जखमी होऊन तो स्वातंत्र्यासाठी मेला. आजचं नॅशव्हिल शहर त्याच्याच नावाचं आहे.

ही क्रांतीची पहिली लढाई असेल, तर क्रांतिकारकांनी ती राजाच्या गव्हर्नरच्या बाजूने लढली असं म्हणावं लागेल.

आता कर. वसाहतीच्या पश्चिमेकडच्या ऑरेंज, अ‍ॅन्सन, रोवन या काउंट्यांतल्या लोकांचं मुख्य गाऱ्हाणं लंडनशी नव्हतं, काउंटीच्या कोर्टाशी होतं. दस्त नोंदवणारा, कारकून, वकील, सगळे फीवर जगायचे. फीचा तक्ता कायद्याने ठरलेला होता, पण एकाच कामाचे तुकडे पाडून दर तुकड्याची वेगळी फी घेतली जायची. मोठमोठी पदं ठरावीक मंडळींत वाटलेली. एडमंड फॅनिंग हा येलमध्ये शिकलेला गृहस्थ एकाच वेळी दस्तनोंदणी अधिकारी, विधिमंडळाचा सदस्य आणि मिलिशियाचा कर्नल होता. तक्रार करायची तरी कोणाकडे? त्यात रोकड दुर्मिळ. शेतकऱ्याकडे धान्य आणि जनावरं असायची, शेरीफला नाणं हवं असायचं. मिळालं नाही की जप्ती आणि कवडीमोलाने लिलाव. एप्रिल 1768 मध्ये कर थकला म्हणून एकाची घोडी खोगीर-लगामासह जप्त झाली, तेव्हा जमाव ऑरेंज काउंटीचं कोर्ट असलेल्या हिल्सबरो गावात घुसला, घोडी सोडवून घेतली आणि जाता जाता फॅनिंगच्या घरावर गोळ्या झाडल्या.

गोळा झालेला पैसा तरी सरकारजमा व्हायचा का? शेरीफांनी निम्म्याहून जास्त वसुली खाल्ली असं 1767 मध्ये खुद्द ट्रायनने लिहिलंय. आणि न्यू बर्नमधल्या त्याच्या प्रशस्त वाड्यासाठी आधी 5,000, मग आणखी 10,000 पौंड मंजूर केले ते लंडनच्या पार्लमेंटने नव्हे, वसाहतीच्या स्वतःच्या विधिमंडळाने. ते वसूल करायला डोईपट्टी होती, म्हणजे श्रीमंत जमीनदार आणि झोपडीतला शेतकरी यांना डोक्यामागे सारखाच दर.

लंडनचा काहीच हात नव्हता असंही नाही. 1764 च्या चलन कायद्याने वसाहतींच्या कागदी नोटांवर बंधनं आणली आणि रोकडटंचाई वाढली. पण रेग्युलेटरांच्या अर्जांत स्वातंत्र्याची भाषा सापडत नाही. राजनिष्ठेची मात्र सापडते. 1769 च्या अ‍ॅन्सन काउंटीच्या अर्जात त्यांनी चिठ्ठीने मतदान, ऐपतीप्रमाणे कर आणि मालाच्या रूपात कर भरायची मुभा मागितली होती.

उलट बाजूने फिरणारा दावाही तितकाच फसवा आहे: हा म्हणे कायदा न मानणारा अडाणी जमाव होता. ते आधी कोर्टातच गेले होते. सप्टेंबर 1768 मध्ये फॅनिंग जादा फी घेतल्याबद्दल दोषी ठरला आणि दंड झाला तो दर गुन्ह्याला एक पेनी. दोन वर्षांनी याच हिल्सबरोत जमावाने कोर्ट उधळलं, फॅनिंगला फरफटत बाहेर काढून चोपलं आणि त्याचं घर पाडलं. ते गुंडगिरीचंच काम होतं, त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. पण एका पेनीचा निकाल वगळून ते सांगणं अर्धवट आहे.

राहिला शेवटचा मुद्दा, याच शेतकऱ्यांनी देश स्वतंत्र केला हा. लढाईनंतर जेम्स फ्यू याला खटला न चालवता मैदानाजवळच फाशी दिलं. 19 जूनला हिल्सबरोत आणखी सहाजण लटकवले. सहा हजारांहून जास्त लोकांकडून राजनिष्ठेची शपथ घेतली. 1775 मध्ये राजाविरुद्ध उठलेल्या देशभक्तांच्या प्रांतिक काँग्रेसला याच लोकांची मनं वळवायला आणि ती शपथ आता बंधनकारक नाही हे पटवायला समिती नेमावी लागली. बोलावणारे कोण होते? त्यांच्यावर तोफा डागणाऱ्यांचेच सोबती. काही रेग्युलेटर आले, काही राजाकडे गेले आणि अनेकांनी कुठेच पाऊल टाकलं नाही.

त्यांचा सर्वांत गाजलेला लेखक हर्मन हसबंड लढाईच्या वेळी पेनसिल्व्हेनियाकडे निसटला. 1794 मध्ये तिथे व्हिस्कीवरच्या अबकारी कराविरुद्ध बंड झालं, तेव्हा म्हातारा हसबंड पुन्हा पकडला गेला. या वेळी बंड मोडायला सैन्य पाठवणारे अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन होते. फिलाडेल्फियाच्या तुरुंगातून तो 1795 मध्ये सुटला आणि त्याच वर्षी वारला.