टक्केवारी वाटपाची सोपी पद्धत

ऑफिसातली कॉम्प्युटर एकमेकांना जोडणाऱ्या पेटीची, म्हणजे स्विचवरची, बँडविड्थ (डेटा वाहून नेण्याची क्षमता) गटागटांत वाटायचं काम गळ्यात पडलं असेल, तर आधी पेढे वाटा. मुंबईत टक्केवारी वाटणारे पुष्कळ; पण उघडपणे, मीटिंग बोलावून, मिनिट्स लिहून वाटणारे तुम्हीच.

एक पथ्य पाळा. कुठलं ट्रॅफिक किती, हे मोजत बसू नका. मोजलं की भलतंच निघतं. फोनचा एक कॉल सगळं बारदान धरून ऐंशी-नव्वद किलोबिटचा. शंभर जण एकदम बोलले तरी नऊ मेगाबिटच्या आत, आणि पोर्ट आहे १० गिगाबिटचा! फोनला मोठा वाटा नको असतो, वेळेवर सुटका हवी असते. पण हे मीटिंगमध्ये बोललात तर फोनवाले दुखावतात. त्यांना २० टक्के देऊन टाका.

मोजमापाऐवजी हुद्द्यांची यादी घ्या. लोअर परळच्या एका ऑफिसात मी ही मीटिंग बसून पाहिली आहे. स्टोरेजला ५०, सेल्सला ३०, अकाउंट्सला २५ आणि साहेबांना "वेगळा गट" म्हणून ३५. बेरीज १४०. स्विचनं कमांड नाकारली, त्याला बरोबर १०० लागतात. साहेबांनी कटिंग खाली ठेवत विचारलं, "दुसऱ्या कंपनीचा घेतला तर बसेल का?" कोणी हसलं नाही. कोटेशन मागवलं गेलं.

प्राधान्याचे नंबर देताना मात्र उदार व्हा. तीन बिट, म्हणजे ० ते ७ असे आठ नंबर. ७ सगळ्यात वरचा. साहेबांना साहजिकच "नंबर वन" हवा असतो. लगेच द्या. नेहमीच्या मांडणीत १ हा शून्याच्याही खाली धरतात, सावकाश जाणाऱ्या पडद्यामागच्या कामांसाठी. (या लेखातला हा एवढाच सल्ला मी मनापासून देतोय.)

आणखी एक गोष्ट साहेबांच्या कानावर जाऊ देऊ नका. ही टक्केवारी फक्त गर्दीत लागू होते. साहेब सहाला निघाले की त्यांच्या ३५ टक्क्यांना कुलूप लागत नाही. रिकामा वाटा रात्रीचा बॅकअप वापरतो. नेटवर्कचे नियम ठरवणाऱ्या आयईईई या संस्थेच्या ८०२.१क्यूएझेड या मानकात, म्हणजे २०११ पासून, हे असंच लिहिलेलं आहे. तुम्ही मात्र "सर, तुमचं राखून ठेवलंय" एवढंच म्हणा.

स्टोरेजवाले एकही पॅकेट (डेटाचा तुकडा) वाटेत पडता कामा नये म्हणून हटून बसतात. त्यांचं खरं आहे, त्यांच्यासाठी पॉजची, म्हणजे पाठवणाऱ्याला "जरा थांबा" सांगायची, सोय असते. न्यायबुद्धीनं ती सगळ्यांनाच लावा. मग एक सुस्त सर्व्हर "थांबा" म्हणतो, त्याच्यामागचा स्विच त्याच्यामागच्याला थांबवतो, आणि सायनला बंद पडलेल्या गाडीनं पार ठाण्यापर्यंत लोक खोळंबावेत तसा देखावा सर्व्हररूममध्ये बसल्याजागी दिसतो.

आता राहिला तो ज्याला टक्केवारीच लागत नाही असा गट. काही स्विचवर त्या गटाचा नंबर १५ (हा गटाचा नंबर, मघाचा प्राधान्याचा नव्हे). लालबागला कसं, नवसाची रांग वेगळी, मुखदर्शनाची वेगळी, आणि ज्याच्या हातात पास तो दोन्ही रांगांच्या देखत बाजूच्या दारानं आत. हा गट तसा आहे. आधी त्याचं जाऊ द्यायचं, उरलेल्याचे १०० टक्के करून इतरांत वाटायचे. जाणकार म्हणतात, इथं अगदी थोडकं, तातडीचंच ट्रॅफिक ठेवा. तुम्ही मॅनेजमेंटचे सगळे लॅपटॉप ठेवा.

आम्ही ठेवले होते. गणपतीचे दिवस, दुपारची वेळ. केबिनमधल्या मोठ्या स्क्रीनवर बाप्पाचं लाइव्ह दर्शन लावलेलं, आणि त्याच वेळी शेजारच्या केबिनमधून कोणीतरी चार वर्षांचे फोटो सर्व्हरवर चढवत होतं. फोटोही अर्थात १५ नंबरच्या गटातूनच. स्टोरेज अडकलं, बिलिंग बसलं, काउंटरवरची मुलगी कोऱ्या स्क्रीनकडे बघत गिऱ्हाइकाला "दोन मिनिटं हां" म्हणत राहिली.

आरती मात्र एकदाही अडकली नाही.