‘मशीन परावलंबी केलंत’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

होडीच्या मागे लावायच्या जुन्या आउटबोर्ड मोटरच्या दुरुस्तीवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलं आहे, “पन्नास वर्षं जे मशीन बॅटरीच्या मेहेरबानीशिवाय चाललं, त्याला नव्या तारा आणि इलेक्ट्रॉनिक डबी लावून तुम्ही परावलंबी केलंत. उद्या बॅटरी बसली की वल्हं मारत परत या.” पुढे दोन प्रश्न आहेत. गाडीचा साधा किल्लीचा स्विच का चालला नसता? आणि मूळ हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, कापायची काय गरज होती? प्रतिक्रिया कडक आहे, पण मशीनच्या मायेपोटी लिहिलेली आहे हे कळतं. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी बॅटरीचं. १९७४ सालचं हे दोन सिलिंडरचं मशीन पॉइंटवर, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या धातूच्या संपर्कांवर, चालतं आणि आजही पॉइंटवरच चालतं. फ्लायव्हीलमधलं चुंबक कॉइलवरून फिरतं, कॉइलच्या प्रायमरीत करंट तयार होतो, नेमक्या क्षणी पॉइंट उघडतात आणि प्लगला ठिणगी मिळते. या सगळ्यात बॅटरी कुठेच येत नाही. मी कॉइल बदलल्या, कारण जुन्यांचं आवरण तडकून आतलं दिसत होतं. कंडेन्सर बदलले, पॉइंट साफ करून फट ०.०२० इंचांवर लावली. मॅग्नेटोची, म्हणजे चुंबक आणि कॉइलने स्वतःच ठिणगी तयार करायची, रचना जशीच्या तशी ठेवली. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा असं मला अनेकांनी सुचवलं होतं. ते मी केलं नाही, आणि त्याचं कारण तुमच्या मनात आहे तेच. पॉइंट खराब झाले तर ते डोळ्यांना दिसतं आणि पानं, फीलर गेज नि बारीक पॉलिश पेपर एवढ्यावर काम भागतं.

बॅटरी लागते ती स्टार्टरला आणि दिव्यांना. ती बसली तर दोरी ओढायची. हे नुसतं बोलत नाही, करून पाहिलं आहे. तुम्ही सुचवलेली चाचणी मात्र, म्हणजे चालू मशीनची बॅटरी काढून दाखवणं, कृपा करून कोणी करू नका. स्टेटर (बॅटरीसाठी वीज तयार करणाऱ्या कॉइल) करंट पाठवत राहतो, तो घ्यायला बॅटरी नसते, व्होल्टेज एकदम चढतं आणि ती वीज एका दिशेची करणाऱ्या रेक्टिफायरचे डायोड जातात. नवा रेग्युलेटरही, म्हणजे व्होल्टेज आवरणारी ती ‘इलेक्ट्रॉनिक डबी’, त्याच झटक्यात जाऊ शकतो. मी मशीन बंद असताना स्टेटरच्या दोन्ही पिवळ्या तारा सोडवल्या, टोकांना वेगवेगळी टेप गुंडाळली, मग बॅटरी होडीतून बाहेर काढून ठेवली आणि दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला मशीन सुरू झालं आणि वीस मिनिटं एका लयीत चाललं. परावलंबी मशीन असं चाललं नसतं.

आता त्या ‘इलेक्ट्रॉनिक डबी’बद्दल, कारण खरा मतभेद तिथेच आहे. मूळ रचनेत स्टेटर, नुसता रेक्टिफायर आणि बॅटरी एवढंच होतं. व्होल्टेजवर नियंत्रण ठेवणारं वेगळं काही नव्हतं. पूर्वी ते चाललं, कारण नियंत्रणाचं काम खुद्द बॅटरीच करत होती. झाकणं उघडून पाणी घालायची ती बॅटरी जास्तीचा करंट पोटात घ्यायची, त्यातलं पाणी वायू होऊन उडायचं आणि मालक अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर घालायचा. दिवे साधे, फार तर थोडे जास्त लख्ख पेटायचे. ज्यांनी ही रचना केली त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण ती बॅटरी त्या रचनेचा एक भाग होती, आणि आज होडीत बसते ती सीलबंद बॅटरी. तिच्यातून उडालेलं पाणी परत घालता येत नाही. रेग्युलेटर लावण्याआधी पूर्ण वेगाला मी मीटर लावला तर १५.८ व्होल्ट दिसले. अशा बॅटरीला साधारण १४.४ ते १४.८ च्या वर नेऊ नये. त्याच तारेवर जीपीएस आणि मासे शोधायचं यंत्रही होतं. रेग्युलेटर बसवल्यावर त्याच वेगाला १४.३ आले. जुन्या बॅटरीचं जे काम आता कोणी करत नव्हतं, ते या डबीने घेतलं. आणि दोन बोल्ट व तीन जोड सोडवले की ती निघते.

नव्या तारांचंही तसंच. जुन्या तारांचं आवरण हातात मोडत होतं. एका ठिकाणी ते सोलत गेलो, तर चार इंच आतपर्यंत तांबं काळं पडलेलं. उघड्या टोकातून ओल तारेच्या पोटात अशीच चढत जाते. स्टार्टर शंभर अँपिअर ओढत असेल आणि वाटेत एक शतांश ओहम रोध वाढला, तर एक व्होल्ट तिथेच उष्णता होऊन संपतो. मग मशीन ‘थंड’ आहे म्हणून आपण कार्बोरेटर उघडत बसतो. शिवाय फ्यूजच्या जागी आधीच्या कोणीतरी जाडी तार गुंडाळून ठेवली होती. तिलाही मूळपणा म्हणून जपायचं का? मी कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तारा वापरल्या, किल्लीच्या सर्किटचा फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत घेतला आणि जोड दाबून (क्रिंप करून) त्यांवर गरम केल्यावर आवळणारी डिंकवाली हीटश्रिंक नळी चढवली. सोल्डर न करण्याचं कारणही इथेच सांगतो. सोल्डर तारेच्या धाग्यांत वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि मशीनच्या थरथरीने तार नेमकी त्या कडेला तुटते.

गाडीच्या स्विचबाबत मात्र माझं ठाम सांगणं आहे: नको. गाडीत किल्ली फिरवली की सर्किट जुळतं आणि इग्निशनला १२ व्होल्ट मिळतात. मॅग्नेटोचं बरोबर उलटं असतं. चालू स्थितीत थांबवायची तार मोकळी असते आणि किल्ली बंद केली की ती अर्थला, म्हणजे मशीनच्या धातूच्या अंगाला, जोडली जाते. त्या तारेवर गाडीच्या स्विचने १२ व्होल्ट सोडले, तर पॉइंट मिटलेले असताना तो करंट पॉइंटमधून थेट अर्थला जातो, उघडे असताना प्रायमरीतून. पॉइंट जळतात, मागोमाग कॉइल. आणि किल्ली बंद केल्यावर त्या तारेला अर्थ मिळतच नाही, म्हणजे मशीन थांबवायची सोयही गेली. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती होडीच्या तळाशी साचते. गाडीच्या स्विचमधली किंवा स्टार्टरमधली ठिणगी बाहेरच्या वाफेपर्यंत पोचणार नाही याची खात्री कोणी दिलेली नसते. होडीसाठी बनवलेल्या (मरीन) भागांवर ती असते, एसएई या अभियंत्यांच्या संस्थेचं जे११७१ हे मानक त्यासाठीच आहे. मोटर होडीच्या मागच्या टोकाला उघड्या हवेत असली तरी स्विच, फ्यूज आणि टाकी कुठे असतात ते आठवून पाहा.

राहिला हार्नेस. इथे तुमचं म्हणणं खरं आहे आणि मला ते लागलं. रबरी प्लग पन्नास वर्षांत चिकटून बसला होता. गरम पाण्याचं फडकं गुंडाळून, सिलिकॉन मारून, तासभर थांबून तो सुटला असता. मी घाई केली आणि मशीनच्या बाजूला प्लगपासून दोन इंचांवर तारा कापल्या. बाकी सगळं मी परत पूर्वीसारखं करू शकतो, तो काप मात्र भरून येणार नाही. प्लग आणि त्यातून निघणारे रंगीत तुकडे मी जपून ठेवले आहेत. नव्या तारांचे रंग त्याच क्रमाने घेतले आहेत, म्हणजे पुढे कोणाला मूळ हार्नेस मिळाला तर तो कुठे काय जोडायचं ते शोधत बसणार नाही. लेखात कापण्याचा जो फोटो आहे, त्याच्या वर आज ‘असं करू नका’ असं लिहून प्लग सोडवायची रीत घातली आहे. ती वाचून काही राहून गेलं असेल तर कळवा.