माशात जंत दिसले म्हणून मासा फेकू नका

स्वतः पकडलेला मासा चिरताना आत जंत दिसले की बहुतेक जण तो तसाच उचलून फेकून देतात. काही जण गुपचूप जंत काढतात, मासा शिजवतात आणि जेवणाऱ्यांना काही कळू देत नाहीत. हौसेनं गळ टाकणाऱ्या ओळखीच्या लोकांकडून मला असे फोटो सारखे येतात. पोट फाडलेला मासा, त्यावर रोखलेलं सुरीचं टोक आणि खाली प्रश्न, "हे काय आहे? खाऊ की टाकू?" प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते.

माझं म्हणणं आधीच सांगते. जंत दिसले म्हणून मासा टाकू नका. आणि जंत दिसले नाहीत म्हणून मासा कच्चा खाऊ नका. यातलं दुसरं पहिल्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे. लोक मात्र डोळ्यांना जे दिसतं त्याला घाबरतात आणि जे दिसत नाही त्याच्या बाबतीत निर्धास्त राहतात.

समुद्रातला मासा असेल तर हमखास भेटते ती ॲनिसाकिस नावाच्या जंताची अळी. यकृतावर किंवा आतड्यांभोवतीच्या पडद्यावर घड्याळाच्या स्प्रिंगसारखं एक पांढरट, अर्धपारदर्शक वेटोळं चिकटलेलं असतं, जेमतेम चार-पाच मिलिमीटर रुंद. त्यावरचा पातळ पापुद्रा सुरीच्या टोकानं फाडला आणि हाताची थोडी ऊब लागली, की वेटोळं सावकाश सुटायला लागतं. एक टोक वर उचलून अळी चाचपडते, आधार शोधते. सरळ झाली की दोन-तीन सेंटिमीटर भरते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला शिसारी येणारच, त्यात त्याचं काही चुकत नाही. पण ती तिथे का आली हे समजलं की निम्मी भीती जाते.

या जंताचं खरं घर म्हणजे देवमासे आणि डॉल्फिन यांचं पोट. तिथे तो वाढतो, अंडी घालतो. अंडी विष्ठेतून समुद्रात पडतात, त्यातून निघालेल्या अळ्यांना क्रिलसारखे (कोळंबीसारखे दिसणारे) बारीक जीव खातात, त्यांना मासे आणि माकूल खातात, लहान माशाला मोठा मासा खातो. अळी दर वेळी नव्या माशाच्या अंगात गुंडाळून बसते आणि हा मासा कधीतरी एखाद्या डॉल्फिनच्या तोंडी लागेल याची वाट बघते. मध्येच आपला गळ येतो. कॉडसारख्या माशाच्या मांसात मिळणारा जरा जाड, तांबूस तपकिरी जंतही याच्याच कुळातला, फक्त तो सीलच्या पोटात मोठा होतो.

म्हणजे माशात जंत आहेत याचा अर्थ पाणी घाण आहे किंवा मासा नासलाय असा होत नाही. हा गैरसमज इतका घट्ट बसलाय की समजावून सांगूनही निघत नाही. खरं तर अशा जंताला जगायला क्रिलपासून देवमाशापर्यंतची सगळी साखळी शाबूत लागते. एक कडी निखळली की त्याचा वंश तिथेच थांबतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी जगभरातले जुने अभ्यास एकत्र करून २०२० साली दाखवलं, की १९७८ ते २०१५ या काळात माशांमधल्या ॲनिसाकिसचं प्रमाण २८३ पटींनी वाढलं. त्याच विद्यापीठातल्या मंडळींनी पुढे अलास्काच्या सॅमनचे १९७९ ते २०२१ या काळातले सीलबंद डबे उघडले, आणि त्या शिजलेल्या मांसात चिमट्यानं शोधून जंत मोजले. सॅमनच्या दोन जातींमध्ये जंत वर्षागणिक वाढत गेलेले आढळले, दुसऱ्या दोन जातींमध्ये तसा फरक दिसला नाही. शिकारीला आळा बसल्यावर देवमासे आणि सील यांची संख्या सावरली, हे वाढीचं एक कारण असावं असं ते सांगतात. मला हा अभ्यास फार आवडतो. ज्या गोष्टीकडे आपण घाण म्हणून बघतो, तिच्यावरून समुद्राच्या तब्येतीचा अंदाज बांधता येतो! आणि दुसरीही एक गोष्ट त्यातून कळते. अशाच डब्यांतला मासा इतकी वर्षं लोक जंतांसकट खात आले आणि त्यांना काही झालं नाही, कारण डब्यातला मासा पूर्ण शिजलेला असतो.

नदी, तलाव, धरण इथल्या माशांमध्ये वेगळीच मंडळी भेटतात. कातडीवर मिरीएवढे किंवा त्याहून बारीक काळे ठिपके दिसतात, ते एका चपट्या कृमीच्या अळीभोवती माशानंच जमवलेलं काळं रंगद्रव्य असतं. हा कृमी गोगलगायीतून माशात आणि माशातून मासेखाऊ पक्ष्यात जातो. मांसात पिवळट दाणे दिसले तर तीही अशीच अळी, बगळ्याच्या वाटेवर निघालेली. कार्पच्या कुळातल्या माशाचं पोट कधीकधी तट्ट फुगलेलं असतं आणि चिरल्यावर आतून सपाट पांढरी पट्टी बाहेर ओढावी तेवढी येत राहते. तो पट्टकृमी, पुढे पक्ष्याच्या पोटात जाऊन अंडी घालणारा. लालभडक, लांबट, गुंडाळलेला गोलकृमी दिसला तर तो बहुधा पाणपक्ष्यांचाच. यातल्या एकाही कृमीनं शिजवलेल्या माशातून माणसाला काही होत नाही. पट्टी पोटातच असते, आतड्यांबरोबर निघून जाते. ठिपकेवाल्या माशाची कातडी सोलून टाकली की बहुतेक ठिपके तिच्याबरोबर जातात.

आता न दिसणाऱ्यांकडे येते. त्यांच्यासाठीच ही पोस्ट लिहिते आहे.

गोड्या पाण्यातल्या काही माशांच्या मांसात यकृत-कृमीच्या अळ्या असतात. मिलिमीटरचा पाचवा हिस्सा असेल-नसेल एवढ्या. उजेडात धरा, पातळ काप करा, साध्या डोळ्यांना काही म्हणता काही दिसणार नाही. असा मासा कच्चा किंवा अर्धाकच्चा खाल्ला की त्या माणसाच्या पित्तनलिकांमध्ये जाऊन राहतात, वर्षानुवर्षं राहतात, बहुतेक वेळा कसलाही त्रास जाणवू न देता. ऑपिस्थॉर्किस आणि क्लोनॉर्किस ही त्यांची नावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ऑपिस्थॉर्किस व्हिव्हेरिनीला १९९४ साली आणि क्लोनॉर्किस सायनेन्सिसला २००९ साली माणसात कॅन्सर घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखू ज्या गटात आहे त्याच गटात. थायलंडच्या ईशान्य भागात पित्तनलिकेच्या कॅन्सरचं प्रमाण जगात सर्वाधिक आहे आणि त्याचं मुख्य कारण ऑपिस्थॉर्किस व्हिव्हेरिनी.

वळवळणारी अळी बघून मासा फेकणारा माणूस उद्या पांढराशुभ्र, निर्मळ दिसणारा तलावातला मासा "एकदम ताजा आहे" म्हणून कच्चा चाखतो, तेव्हा माझ्या जिवाचा थरकाप होतो. ताजेपणाचा इथे काहीएक उपयोग नाही. मासा जितका ताजा तितकी आतली अळी जिवंत. गोड्या पाण्यातला मासा कच्चा खाऊच नये, हे माझं ठाम मत आहे आणि त्याला मी अपवाद करत नाही.

मोठा फीतकृमी, म्हणजे टेपवर्म, हाही असाच कच्च्या माशातून येतो. माणसाच्या आतड्यात तो कित्येक मीटर लांब वाढू शकतो आणि शरीराला मिळायचं बी-१२ जीवनसत्त्व स्वतःच घेऊन टाकतो. औषधानं तो जातो, पण आधी तो आहे हे कळायला हवं.

ॲनिसाकिस माणसात फार दिवस जगत नाही. पण मरायच्या आधी जठराच्या भिंतीत तोंड खुपसायचा प्रयत्न करते. कच्चा मासा खाल्ल्यावर काही तासांतच पोटात असह्य कळा, मळमळ, उलट्या सुरू होतात. डॉक्टर एंडोस्कोप आत घालून चिमट्यानं अळी काढतात आणि दुखणं बहुधा लगेच थांबतं. अळी खाली आतड्यात गेली तर मात्र अपेंडिक्स समजून भलत्याच दिशेनं उपचार होऊ शकतात. म्हणून असं काही झालं तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगा की कच्चा मासा खाल्ला होता. हा आजार १९६० साली नेदरलँड्समध्ये पहिल्यांदा नीट ओळखला गेला, हलकं मीठ लावलेला हेरिंग मासा खाणाऱ्यांमध्ये. १९६८ साली तिथे हेरिंग आधी गोठवण्याची सक्ती झाली आणि रुग्ण झपाट्यानं कमी झाले.

हलकं मीठ त्या अळीला मारू शकलं नाही, हे लक्षात ठेवा. लिंबू पिळून, व्हिनेगरमध्ये मुरवून, झणझणीत चटणी लावून, वर दारू पिऊन जंत मरतात असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ज्या जंताचा संसारच देवमाशाच्या जठरातल्या आम्लात चालतो, त्याला लिंबू काय करणार?  मांस पांढरं पडतं, शिजल्यासारखं दिसतं, आत अळी जिवंत असते. थंड धुरी दिलेल्या, म्हणजे न शिजवता धुरात ठेवलेल्या माशातही ती जिवंत राहू शकते.

घरी भरवशानं मारतात त्या दोनच गोष्टी, पुरेशी उष्णता आणि पुरेशी थंडी. माशाच्या सगळ्यात जाड भागाच्या मध्यापर्यंत ६३ अंश सेल्सिअस तापमान गेलं पाहिजे. थर्मामीटर नसेल तर काट्यानं दाबल्यावर मांसाचे पदर सुटतात का आणि आतलं मांस अर्धपारदर्शक राहिलंय का ते बघा. मायक्रोवेव्हवर मी विसंबत नाही, तो एकसारखा तापवत नाही.

गोठवायचं तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा दंडक उणे २० अंशांवर सात दिवस, किंवा उणे ३५ अंशांवर कडक गोठवून तिथेच १५ तास. घरच्या फ्रिजचा वरचा कप्पा उणे २० पर्यंत जातो असं गृहीत धरू नका. पुष्कळदा जात नाही, आणि दार सारखं उघडलं तर नाहीच. शिवाय जाड, अख्खा मासा मध्यापर्यंत गोठायला वेळ घेतो. हे मोजमाप समुद्रातल्या माशासाठी. गोड्या पाण्यातल्या माशाबद्दल वर सांगितलंच आहे, तो शिजवायचाच.

पकडल्यावर काय करायचं ते थोडक्यात. मासा शक्य तितक्या लवकर साफ करा आणि बर्फात ठेवा, कारण मासा मेल्यावर काही जातींमध्ये अळ्या आतड्यांतून मांसात सरकतात. पोटाच्या पातळ पाळ्यांमध्ये त्या सगळ्यात जास्त सापडतात, तो भाग कापून टाकला तर बरंच काम होतं. उरलेला काप काचेवर ठेवून खालून दिवा लावा, मांसातल्या अळ्यांच्या सावल्या दिसतील, त्या चिमट्यानं ओढून काढा. मासे कापणाऱ्या कारखान्यांमध्येही अशाच उजेडाच्या टेबलावर बायका-पुरुष तासन्‌तास उभे राहून हे काम करतात. बाजारातला मासा "स्वच्छ" वाटतो त्यामागे त्यांचे डोळे असतात. तरीही सगळ्या अळ्या सापडत नाहीत.

टाकून द्यावा असा मासाही असतो, हे मान्य. मांस पिचपिचीत झालंय, वास येतोय, अंगावर उघड्या जखमा आहेत, किंवा अळ्या इतक्या आहेत की काढता काढता मांस उरत नाही, तर सोडून द्या. आणि एका गोष्टीत घाई करू नका. ॲनिसाकिसची ॲलर्जी झालेल्या माणसाला कधीकधी शिजलेल्या, मेलेल्या अळीमुळेही अंगावर गांधी उठतात, क्वचित श्वास अडकतो. मासा खाल्ल्यावर असं होत असेल तर ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे जाऊन तपासणी करून घ्या, तोवर शिजवलेला मासाही नको. पण बाकीच्यांनी केवळ किळस आली म्हणून एक जीव मारून कचऱ्यात टाकावा, हे मला सहन होत नाही. मारला आहे तर खायची जबाबदारीही आपली.

शेवटी आतड्यांबद्दल, कारण याकडे कुणीच लक्ष देत नाही. साफ केलेली घाण काठावरून पाण्यात भिरकावू नका, पुढच्या माशाला अळ्या आयत्या मिळतात. कुत्र्या-मांजरांना कच्ची घालू नका. फीतकृमी आणि यकृत-कृमी त्यांच्या पोटातही तितक्याच सुखानं वाढतात, त्यांच्या विष्ठेतून अंडी पुन्हा त्याच तलावात जातात आणि पुढच्या मोसमात तुमच्याच गळाला लागतात. घालायचीच तर नीट शिजवून घाला, नाहीतर पाण्यापासून लांब, खोल खड्ड्यात पुरा.