स्टँप पेपर नाही म्हणून ठेकेदाराचे पैसे बुडत नाहीत

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘स्टँप पेपरवर करार आणि जीएसटीचं बिल नसेल, तर ठेकेदाराला पैसे मागायचा कायदेशीर हक्क नाही.’ हे साफ खोटं आहे आणि त्याची झळ फरशीवाल्याला, रंगाऱ्याला, सुताराला बसते.

१८७२ च्या करार कायद्याच्या कलम १० नुसार दोघांची राजीखुशीची संमती, कायदेशीर मोबदला आणि कायदेशीर हेतू असला की करार होतो. कागद लागतो तो दुसऱ्या एखाद्या कायद्याने मागितला तरच. फ्लॅटमधल्या फरशीकामाला तो लागत नाही. ‘भाव ठरलाच नव्हता’ म्हणूनही सुटका नाही. समोरचा फुकट करत नव्हता हे माहीत असून कामाचा फायदा घेतला, तर कलम ७० प्रमाणे भरपाई द्यावी लागते.

करार लिहिला, पण स्टँप नाही? कोर्टात पुरावा म्हणून तो अडतो. मुद्रांक शुल्क आणि दंड भरला की चालतो. विनास्टँप करार त्यामुळे रद्दबातल होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलंय.

जीएसटीचा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या सेवा देणाऱ्याला सहसा नोंदणीच लागत नाही आणि नोंदणी नसताना जीएसटी वसूल करायला कायद्याची मनाई आहे. म्हणजे कष्टाचे पैसे मागणाऱ्या रंगाऱ्याला हे लोक बेकायदा बिल मागतायत! साध्या कागदावर नाव, तारीख, काम, रक्कम लिहून सही केलेलं त्याचं बिल चालतं. नोंदणी असलेल्याने मात्र अनुक्रमांक आणि जीएसटी क्रमांकासह टॅक्स इन्व्हॉइस द्यायलाच हवं. नाही दिलं तर तो कर खात्याला उत्तर देईल. तुमची देणी त्याने फिटत नाहीत. बिलावर रेव्हेन्यू स्टँप मागणाऱ्यांनीही लक्षात घ्यावं: एक रुपयाचं ते तिकीट ५,००० रुपयांवरच्या पैसे मिळाल्याच्या पावतीला लागतं, बिलाला नाही.

खरी अडचण हक्काची नाही, पुराव्याची आहे. फरशीवाल्याच्या वहीत ‘हॉल १८०, किचन ७०, स्कर्टिंग ४५ रनिंग फूट’ असं मोजमाप असतं, शेजारी घरमालकाची सही नसते. तेवढी सही त्याच दिवशी घ्या. दर, हप्ते, वाढीव कामाचा भाव एका पानावर लिहून दोघांनी सह्या केल्या, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली झटपट दाव्याची वाटही खुली होते. तोंडी व्यवहारावर ती मिळत नाही. तिथे साधा दावा लावायचा, आणि उधारीची मुदत वेगळी ठरली नसेल तर काम झाल्यापासून तीन वर्षांच्या आत.