पहिला पास सेंट लुईसचा, नोटर डेमचा नव्हे

अमेरिकन कॉलेज फुटबॉलची एक गोष्ट हमखास सांगितली जाते. १९१३ साली नोटर डेम नावाच्या अनोळखी कॉलेजने 'फॉरवर्ड पास', म्हणजे चेंडू हाताने पुढे फेकायचा डाव, शोधून काढला; आर्मीने, म्हणजे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीच्या संघाने, असलं काही कधी पाहिलंच नव्हतं, म्हणून ती हरली. सामना खरा आहे. १ नोव्हेंबरला वेस्ट पॉइंटला नोटर डेम ३५-१३ ने जिंकलं. बाकीची गोष्ट मात्र सेंट लुईसच्या पोरांवर अन्याय करणारी आहे.

आधी 'शोध' घेऊ. १९०५ च्या हंगामात मैदानावर खेळाडूंचे जीव गेले, खेळ बंद करा अशी ओरड झाली, तेव्हा १९०६ साली नियम बदलून पासला मुभा मिळाली. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला वॉकेशा गावी कॅरोल कॉलेजविरुद्ध सेंट लुईस विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनने पहिला कायदेशीर पास टाकला. तो वाया गेला, आणि तेव्हाच्या नियमाने चेंडू सरळ कॅरोलकडे गेला. एवढा दंड बसल्यावर पुन्हा पास टाकायला छाती लागते. रॉबिन्सनने टाकला. त्याच्याच संघातल्या जॅक श्नायडरने तो झेलला आणि टचडाऊन झाला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार जाऊन गुण मिळाले.

हे नशिबाने घडलं नव्हतं. प्रशिक्षक एडी कोकेम्स जुलैतच संघाला घेऊन ब्यूला तळ्याकाठी जाऊन राहिले होते. चेंडू तेव्हा आजच्यापेक्षा गुबगुबीत, एका हाताच्या पकडीत न मावणारा. टोकाकडे, जिथे तो निमुळता होतो, तिथे शिवणीच्या दोऱ्यांत बोटं रोवायची आणि मनगटाला पीळ देऊन तो गरगरत सोडायचा, हे त्यांनी पोरांकडून घोटून घेतलं. त्या हंगामात सेंट लुईसने अकराच्या अकरा सामने जिंकले. गुण केले ४०७, दिले फक्त ११.

आता 'आर्मीने पाहिलंच नव्हतं'. १९०६ मध्येच सेंट लुईसने आयोवाला ३९-० ने लोळवलं, दहापैकी आठ पास झेलले गेले. त्या सामन्याचे पंच होते वेस्ट पॉइंटचे लेफ्टनंट हॅकेट, आणि त्यांनी या खेळाची तोंड भरून स्तुती केली होती. शिवाय १९१३ च्या सामन्यात आर्मी एका टप्प्यावर १३-७ ने पुढे होती. भांबावलेला संघ असा खेळत नाही.

'अनोळखी' हेही खरं नाही. १९०९ सालीच नोटर डेमने मिशिगनसारख्या बलाढ्य संघाला हरवलं होतं.

नोटर डेमचे खेळाडू गस डोराइस आणि नूट रॉक्नी यांची मेहनत मी कमी लेखत नाही. त्या उन्हाळ्यात सीडर पॉइंट या तळ्याकाठच्या सहलीच्या ठिकाणी वाळूत त्यांनी पासचा कसून सराव केला, आणि लांब पासवरची वीस यार्डांची मर्यादा १९१२ साली उठली होती, तिचा पुरेपूर फायदा घेतला. पूर्वेकडच्या वृत्तपत्रांसमोर पासची ताकद त्यांनी दाखवली, हे त्यांचं खरं श्रेय. 'शोधा'ची कथा घट्ट झाली ती रॉक्नीवर १९४० साली आलेल्या सिनेमामुळे. खुद्द रॉक्नीने मात्र कोकेम्सच्या संघाचं श्रेय मान्य केलं होतं. अ‍ॅलेघेनी डोंगरांपलीकडे, म्हणजे सेंट लुईस आहे त्या पश्चिमेच्या बाजूलाही, फुटबॉल खेळला जातो याची पूर्वेला जाणीवच नव्हती, असं त्याने लिहून ठेवलंय.